दुबईचं बारमाही ऊन आणि रील्समध्ये न दिसणारं बाकीचं सगळं

मधुमालती_नाशिक

नमस्कार मंडळी. नवऱ्याला दुबईहून नोकरीची ऑफर आली आहे. आकडा चांगला आहे, पगारावर कर नाही, आणि नातेवाइकांच्या तोंडी एकच वाक्य आहे, "नशीब काढलंत!" मोबाइल उघडला की निळं आकाश, समुद्र, चकाचक रस्ते, हसरी माणसं. ते सगळं मी बघितलंय, तेव्हा तेच पुन्हा सांगू नका. कॅमेऱ्यासमोर कुणी बोलत नाही ते मला हवं आहे.

मुलगी तिसरीत आहे. मी बँकेत नोकरी करते, ती सोडावी लागेल. सासूबाई आमच्याजवळ राहतात, गुडघ्यांचा त्रास आहे. तिथला साधा दिवस कसा जातो? हातात खरंच किती उरतं? जे राहतात किंवा राहून परत आलेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. होकार कळवायला पंधरा दिवस आहेत.

केशरकुटी

मधुमालती, शारजात संसार थाटून बरीच वर्षं झाली. उन्हापासूनच सुरुवात करते. मे ते सप्टेंबर इथलं ऊन काचेतून बघायचं असतं. बारमाही ऊन म्हणजे बारमाही बाहेर फिरणं, हा समज आधी सोड. मुलं घरातून शाळेच्या बसमध्ये, बसमधून एसी वर्गात, वर्गातून परत घरात. बागेतल्या घसरगुंडीला संध्याकाळी सहालाही हात लावता येत नाही.

आता कुणी न सांगितलेली गोष्ट. पाण्याची टाकी गच्चीवर असते. जून उजाडला की 'थंड'च्या नळाला इतकं कढत पाणी येतं की हात धरवत नाही. मग आम्ही गीझर बंद करून टाकतो. गीझर घरात, एसीच्या गारव्यात असतो, त्यामुळे त्यात साठलेलं पाणी निवतं. आंघोळीला 'गरम'चा नळ सोडायचा, आणि तोही बेताने, कारण गीझर रिकामा झाला की पुन्हा टाकीतलं कढत पाणी सुरू. भाजी धुवायचं पाणी आदल्या रात्री पातेल्यात भरून ठेवते.

दुसरं म्हणजे वाळवण. एवढं ऊन, पण पापड-कुरडया कुठे घालणार? बाल्कनीत कपडे वाळत घातलेले दिसले तरी दुबईची नगरपालिका दंड करते. आमची धुलाई घरातच, स्टँडवर.

विदर्भाचा_वाघ्या

काहून घाबरवून राहिले ताईले? आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात ४७ असते. तरी लोकं दुपारी लग्नाच्या पंगतीत बसतेत. ऊन काही नवीन नाही आपल्याले.

सिव्हिल_शेखर

@वाघ्या, दादा, चंद्रपूरचा उन्हाळा मी भोगलाय, वीज केंद्राच्या कामावर होतो. फरक आकड्यात नाही, दमटपणात आहे. तुमच्याकडे हवा कोरडी, घाम आला की उडतो आणि अंग निवतं. म्हणून तिथं कूलर चालतो. इथं आखाताचं पाणी उन्हाळ्यात तापतं, त्याची वाफ किनाऱ्यावर येऊन बसते. ऑगस्टमध्ये रात्री दहालाही घाम उडत नाही, नुसता ओघळतो. इमारतीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं, काही क्षण समोरचं काही दिसत नाही. ३८ अंश आणि असा दमटपणा असेल तर तो तुमच्या ४७ ला भारी पडतो. आत वाळवंटाकडे, अल ऐनजवळ स्वैहानला, पारा पन्नाशी ओलांडतो, पण तिथली हवा निदान कोरडी असते.

मी साइटवर असतो म्हणून हेही लिहितो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घ्यायला बंदी आहे. मोडली तर कंपनीला माणशी ५ हजार दिरहम दंड, जास्तीत जास्त ५० हजार. नियम चांगला आहे आणि बहुतेक जण पाळतात. पण सकाळी अकरालाच सळईला हातमोज्याशिवाय हात लावता येत नाही, आणि रात्रपाळीत दमटपणा सकाळपेक्षा जास्त. तुम्ही रील्समध्ये बघता ते टॉवर बांधणारी माणसं या हवेत दहा-दहा तास उभी असतात. दुबईचं ऊन म्हटलं की मला आधी ती आठवतात.

विदर्भाचा_वाघ्या

बरं, मानलं दादा. ओल्या गरमीपुढे आमचं काही चालत नाही. मुंबईले आलो की दोन दिवसांत जीव जाते.

हिशेबी_माणूस

मधुमालती, तुम्ही बँकेत आहात, म्हणजे हिशेब लगेच कळेल.

ऑफर लेटरमध्ये एकूण पगार बघू नका, आधी 'बेसिक' बघा. नोकरी संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर निघते: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक, त्यानंतर ३० दिवसांचा. वर्ष पुरं झालं नाही तर काहीच नाही. समजा एकूण पगार १५,००० दिरहम आणि बेसिक ६,०००. म्हणजे दिवसाला २०० आणि वर्षाला ४,२०० ग्रॅच्युइटी. त्याच पंधरा हजारांत बेसिक ९,००० असेल तर ६,३००. पीएफ नाही, पेन्शन नाही. म्हाताऱ्या वयासाठी जे काही आहे ते तुम्हीच साठवायचं. बेसिक वाढवून मागण्याची वेळ सही करण्याआधीची. नंतर कुणी ऐकत नाही.

आता घर. भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक एकदम द्यायचे असतात, कुठे चार, कुठे दोन, कुठे एकच. समजा वर्षाला ६०,००० भाडं. दलालाचे साधारण ५ टक्के म्हणजे ३,०००. अनामत ५ टक्के, म्हणजे आणखी ३,०००, आणि घर फर्निचरसकट असेल तर दुप्पट. वीज-पाण्याची अनामत फ्लॅटसाठी २,०००. शिवाय भाड्याच्या ५ टक्के 'हाउसिंग फी' नगरपालिका घेते, ती वीज-पाण्याच्या बिलात महिन्याला २५० अशी लागून येते. इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, ती वेगळी. पहिला पगार हातात पडायच्या आधी हे सगळं खिशातून जातं. कंपनी भाड्यासाठी आगाऊ रक्कम देते का, हे नवऱ्याला आजच विचारायला सांगा.

काही इमारतींत एसीचं गार पाणी बाहेरच्या प्लांटमधून येतं. त्याचं बिल वेगळं आणि त्यात एक भाग ठरलेला असतो. तुम्ही महिनाभर नाशिकला जाऊन एसी बंद ठेवलात तरी तो भरावाच लागतो. घर बघताना 'चिलर कुणाकडे', म्हणजे या गार पाण्याचं बिल कुणी भरायचं, हा पहिला प्रश्न.

पगारावर कर नाही हे खरं. पण २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. सालिकचा टोल २०२५ पासून गर्दीच्या वेळी ६ दिरहम झाला आणि रोज ऑफिसला जाता-येता तो कापला जातो.

मधुमालती_नाशिक

@हिशेबी_माणूस, मनापासून आभार. बेसिकचा आकडा बघितला, एकूण पगाराच्या चाळीस टक्के आहे. आज रात्रीच नवऱ्याशी बोलते. @केशरकुटी, नळाचं वाचून सासूबाईंनी दोनदा विचारलं, "खरंच का गं?"

बडबडी_मैना

गीझर बंद ठेवून 'गरम'च्या नळाखाली आंघोळ! मी वर्षभर ठाण्यात हसत बसणार यावर. 😄 शेखरदादा, तुमचा परिच्छेद मात्र दोनदा वाचला.

दापोलीकर_जुना

इथं सगळे उन्हाबद्दल आणि पैशांबद्दल बोलतायत. मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. आमच्या दापोली-खेड-मंडणगडच्या पट्ट्यात घरटी एक माणूस आखातात असायचा, अजूनही असतो. अब्बा कुवेतला गाडी चालवायचे. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य शिरलं. साठवलेले दिनार कागदाच्या मोलाचे झाले. रस्त्याने बगदाद, तिथून जॉर्डनमध्ये अम्मान, आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं आणली, अब्बा त्यांतले एक. घराचा जोता बांधून झाला होता, वरचं काम कितीतरी वर्षं तसंच राहिलं. पुन्हा शारजाला जाऊन त्यांनी ते पुरं केलं.

सांगायचं ते असं. युएई, म्हणजे दुबई-शारजा ज्यात येतात तो देश, तुम्हाला चांगलं वागवतो, पगार वेळेवर देतो, रात्री दोनला बाई एकटी चालत जाऊ शकते. मी स्वतः वीस-बावीसचा असताना गेलो, तिथल्या लोकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण तुमचं राहणं नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की व्हिसा रद्द, मग मोजकी मुदत, तेवढ्यात दुसरी शोधा नाहीतर बिऱ्हाड आवरा. घराचा करार, मुलीची शाळा, गाडीचं कर्ज, सगळं त्या एका कागदावर उभं. तिथं जन्मलेल्या, तिथंच शिकलेल्या मुलालाही नागरिकत्व मिळत नाही. तिथं कितीही वर्षं काढा, परतीची तयारी मनात ठेवूनच राहायचं असतं. ज्यांनी ती ठेवली ते सुखाने परतले. ज्यांनी ठेवली नाही त्यांना साठीला गावात ना घर, ना ओळख, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

सिव्हिल_शेखर

दापोलीकर काकांना पूर्ण अनुमोदन. एक भर: २०२३ पासून नोकरी गेल्यावरचा विमा सक्तीचा आहे. महिन्याला ५ किंवा १० दिरहम हप्ता, आणि नोकरी गेली तर तीन महिने बेसिकच्या ६० टक्के मिळतात. पुन्हा बेसिकच, बघा. राजीनामा स्वतः दिला तर मिळत नाही. आणि क्रेडिट कार्डचं देणं थकवून विमानात बसायचा विचारही करू नये. बँक कोर्टात गेली तर प्रवासबंदी लागते, माणूस विमानतळावर अडतो.

आनंदी_अबूधाबी

धागा वाचून वाटेल की इथं सगळे दुःखात आहेत. मला हे पटत नाही. माझा अनुभव अगदी उलट आहे आणि तोही लिहिला गेला पाहिजे.

नोव्हेंबर ते मार्च इथली हवा इतकी सुंदर असते की आम्ही रोज रात्रीचं जेवण डब्यात घालून कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, नेतो. मुलं सायकली चालवतात. पुण्यात मी मुलाला सायकलवरून कोपऱ्यावर पाठवायला घाबरायचे. सरकारी काम मोबाइलवर होतं, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. सासर-माहेरच्या रोजच्या अपेक्षांपासून लांब, आम्ही दोघं पहिल्यांदा नवरा-बायको म्हणून एकमेकांना ओळखायला लागलो. गणपतीला इथल्या महाराष्ट्र मंडळात ढोल-लेझीम असतं, मोदक असतात.

उन्हाळा चार-पाच महिन्यांचा, मान्य. आपल्याकडे पाऊसही चार महिने घरात बसवतोच की.

केशरकुटी

@आनंदी, पावसात छत्री घेऊन बाहेर पडता येतं गं. 🙂 पण हिवाळ्याबद्दल तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं, जानेवारीत इथून हलावंसं वाटत नाही. फक्त अबूधाबीत कंपनीचं घर असणं आणि शारजातून रोज अल इत्तिहाद रोडने दुबईला जाणं यांत खूप फरक आहे. भाडं कमी म्हणून निम्मी मराठी कुटुंबं शारजात राहतात. मेट्रो इथवर येत नाही. माझा नवरा पहाटे पावणेसहाला निघतो, कारण सातनंतर तो रस्ता हलत नाही. मुलगा उठायच्या आत बाबा गेलेला असतो.

आनंदी_अबूधाबी

ते मान्य. कंपनीचं घर हा मोठा फरक आहे, मी तो लिहायला हवा होता.

नर्सताई_देवगड

आजीबाईंच्या गुडघ्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी अजमानला रुग्णालयात काम करते.

इथं आमच्याकडे येणाऱ्या रक्ताच्या तपासण्यांत सगळ्यांत जास्त दिसतं ते 'ड' जीवनसत्त्व कमी असणं. एवढ्या उन्हाच्या देशात! कारण वर केशरकुटीने लिहिलंच, अंगाला ऊन लागतच नाही. शिवाय आपली सावळी कातडी, तिला तेवढंच 'ड' बनवायला जास्त ऊन लागतं. बायकांमध्ये, मुलांमध्ये, दिवसभर घरात असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांमध्ये हाडं दुखणं, थकवा. आल्यावर तपासून घ्या. उन्हाळ्यात जमेल तितकं सकाळी साडेसहाच्या आत बाहेर पडा. ते ऊन अंग मोकळं व्हायला ठीक, पण 'ड'साठी पुरत नाही. गोळी डॉक्टरांना विचारून.

सासूबाईंना आणायचं तर आईवडिलांचा व्हिसा वेगळा असतो. मुलाच्या पगाराची अट असते, तो एकेका वर्षाचा मिळतो आणि आरोग्य विमा काढावाच लागतो. साठीच्या पुढच्या माणसाचा विमा महाग, त्यात जुन्या दुखण्यांवर अटी. गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची असेल तर नाशकातच करून, बरं होऊन मग या.

नवऱ्याच्या नोकरीत त्याचा विमा कंपनीवर असतो. बायको-मुलांचा कंपनी देतेच असं नाही. ते लेखी घ्या. दाताचं काम बहुतेक विम्यांत नसतं.

आणि औषधं! कोडीन, ट्रॅमाडॉल असलेली औषधं इथं नियंत्रित आहेत. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारं खोकल्याचं औषध किंवा गुडघेदुखीची गोळी बॅगेत टाकून आणू नका. डॉक्टरची चिठ्ठी आणि आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी आधी घ्या.

फराळप्रेमी

औषधांवरून आठवलं. खसखस! युएईत खसखशीवर बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून. दिवाळीचा डबा आईने प्रेमाने बांधलाय आणि त्यात खसखशीत लोळवलेले अनारसे, असं असेल तर ते मुंबईतच खाऊन टाका. या कारणाने माणसं तुरुंगात गेलेली आहेत, हा विनोद नाही. विड्याची पानंही आणू देत नाहीत.

बडबडी_मैना

अनारसे खसखशीशिवाय? मग जाळी कशावर थापायची?

फराळप्रेमी

माझी बहीण तिथं तिळावर थापते. चव वेगळी लागते, पण दिसायला सुरेख. करंजीच्या सारणात सुक्या खोबऱ्याचं प्रमाण वाढवायचं. गोडा मसाला घरून नेणार असाल तर त्यात खसखस घातली आहे का ते आईला आधी विचारा, आमच्याकडे घालतात.

मस्कतची_मावशी

आमच्या शेजारणीच्या आईचा मटण मसाला याच भीतीने विमानतळावर टाकून दिला होता. रडली बिचारी म्हातारी.

मला भाषेबद्दल सांगायचंय. मधुमालती, लेक तिसरीत आहे ना? युएईतल्या खासगी शाळांत अरबी सक्तीची असते, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांतही. हिंदी असते, फ्रेंच असते. मराठी जवळजवळ नसते. घरात ठरवून बोललात तर मुलीची मराठी टिकेल, लिहिणं मात्र हातून सुटतं. माझ्या भाच्याला आजीचं पत्र वाचता येत नाही, आईला वाचून दाखवावं लागतं. शनिवार-रविवारी मंडळाचे वर्ग कुठे चालतात ते जाण्याआधीच शोधा.

परतलेली_पल्लवी

मी आठ महिन्यांपूर्वी कोल्हापूरला परतले, म्हणून बायकोच्या बाजूने लिहिते. या धाग्यावर अजून कुणी ते पुरतं लिहिलेलं नाही.

नवऱ्याला ऑफिस मिळतं, मुलांना शाळा मिळते. बायकोला एसी असलेला फ्लॅट मिळतो. उन्हाळ्यात खाली उतरता येत नाही. गाडी चालवायची तर भारतातलं लायसन्स सरळ बदलून मिळत नाही, शाळा लावून परीक्षा द्यावी लागते, हजारो दिरहम जातात, आणि रस्ता उजव्या बाजूचा. तोवर प्रत्येक गोष्टीसाठी नवऱ्याची वाट बघायची. इथं मी स्वतःची स्कूटर काढून बँक, बाजार, माहेर सगळं करायचे. तिथं महिन्याचं वाणसामान भरायलाही शनिवार उजाडायची वाट बघायला लागले.

आईला संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू म्हटलं तर युएईत व्हॉट्सॲपचे कॉल लागत नाहीत. मेसेज जातात, बोलणं होत नाही. परवानगी असलेलं वेगळं ॲप आईच्या फोनवर घालून द्यावं लागतं, आणि ते तिला शिकवायचं फोनवरूनच. निघण्याआधी सासूबाईंच्या आणि तुझ्या आईच्या मोबाइलवर ते घालून, दोन-चारदा वापरून घ्यायला लावून मगच जा.

तू नोकरी सोडतेयस, त्याचा विचार नवऱ्याच्या पगाराइतकाच कर. त्याच्या व्हिसावर असताना कामाचा परवाना काढून तुला नोकरी करता येते, कायदा आड येत नाही. पण मिळायला वेळ लागतो. पदवीची कागदपत्रं साक्षांकित करून घेऊन जा. तिथून करायला गेलं तर कुरिअर आणि एजंट यांत महिने जातात. आणि बँकेत बिनपगारी रजा मिळते का ते आधी विचार. राजीनामा शेवटी.

समिधा_ठाणे

पल्लवीताई, +१. माझी जाऊ अगदी हेच सांगते. बायकांनी हे लिहायला पाहिजे.

हिशेबी_माणूस

@परतलेली_पल्लवी, फार मोलाचं लिहिलंत. बायकोच्या बंद झालेल्या पगाराचा, पीएफचा आणि बढतीचा आकडा वजा केल्याशिवाय 'किती उरतं' या प्रश्नाचं उत्तर निघत नाही.

एक अप्रिय पण गरजेचा मुद्दा. घरातला कमावता माणूस अचानक गेला तर तिथली बँक खाती गोठवली जातात, कोर्टाचा कागद येईपर्यंत. जोडखातं असलं तरी ते बंद होऊ शकतं. बायकोच्या एकटीच्या नावावर खातं काढा आणि त्यात सहा महिन्यांचा खर्च ठेवा. मृत्युपत्र नोंदवा. बिगरमुस्लिमांसाठी दुबईत २०१५ पासून इंग्रजीत मृत्युपत्र नोंदवायची सोय आहे. मुलगी लहान आहे, तिचा पालक कोण हेही त्यात लिहिता येतं.

पर्थचा_पांडुरंग

आखाताबद्दल मला बोलायचा अधिकार नाही, पण उन्हाच्या देशाबद्दल आहे. पर्थमध्ये राहतो. इथं ऊन बाहेर बोलावतं आणि तेच अंगावर उठतं. ऑस्ट्रेलियात तीनांतल्या निदान दोघांना सत्तरीपर्यंत त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो. आपल्या वर्णाला धोका बराच कमी, पण शून्य नाही. मुलांच्या शाळेत टोपी नसेल तर मैदानावर सोडत नाहीत. आणि ज्या घरांत उन्हाळ्यात भाजतो त्याच घरांत जुलैत कुडकुडतो, कारण भिंतींना थंडी अडवायची सोयच नाही. सूर्यप्रकाश बघून देश निवडणाऱ्यांनी आधी तिथल्या घराच्या भिंती बघाव्यात.

विदर्भाचा_वाघ्या

ऊन सगळीकडे सारखं नसते हे आज समजलं बा.

लोखंडवाला_रत्नागिरी

मी फोरमन आहे, जेबेल अलीला. ऑफिसवाल्यांचं सगळं वाचलं, छान लिहिलंय. पण हा धागा गावातली पोरंपण वाचतील, त्यांच्यासाठी लिहितो. एजंटला लाख-दीड लाख देऊन येऊ नका. सरकारने ठरवलेलं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, तेही नोंदणी असलेल्या एजंटला आणि पावती घेऊन. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचं नाव आहे का बघा. टुरिस्ट व्हिसावर पाठवून 'तिथं गेल्यावर बदलून देऊ' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. माझ्या खोलीत एक पोरगा तसाच आला होता, त्याच्या आईने दागिने गहाण टाकले होते. आम्ही वर्गणी काढून त्याचं तिकीट केलं. खोलीत सहा-आठ माणसं असतात, एसी असतो, जेवण मेसचं. पगार बँकेतच यायला पाहिजे, हातात घेऊ नका.

सिव्हिल_शेखर

भाऊ, हे लिहिलंत त्याबद्दल सलाम. संपादकांनी हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवावा.

दापोलीकर_जुना

अगदी. आमच्या तालुक्यात आजही हेच चालू आहे. प्रत्येक एसटी स्टँडवर लावायला पाहिजे.

समिधा_ठाणे

पावसाचं कुणी लिहिलं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथं पूर आला होता ना?

केशरकुटी

हो, १६ एप्रिल २०२४. अल ऐनकडे खतम अल शकलाला चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता. तुम्ही मुंबईकर म्हणाल, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता, त्यापुढे हे काय? पण इथं रस्त्याला गटारं मुंबईसारखी नाहीत, पाऊस गृहीतच धरलेला नव्हता. आमच्या गल्लीत आठवडाभर पाणी होतं. लिफ्ट बंद, वीज नाही, पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही. खालच्या मजल्यावरच्या केरळी ताईने तान्हं बाळ घेऊन आमच्या घरी मुक्काम केला. ट्यूबवर, टेबलांवर बसवून माणसं पलीकडे नेली. कोण कुठल्या देशाचं हे कुणी विचारलं नाही.

मधुमालती_नाशिक

सगळ्यांचे प्रतिसाद रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचले. आमचं काय ठरतंय ते सांगते.

नवऱ्याने बेसिक ५५ टक्क्यांवर मागितला, कंपनी ५० ला तयार झाली. भाड्यासाठी आगाऊ रक्कम देणार आहेत, पगारातून दहा हप्त्यांत कापतील. आमच्या दोघींचा विमा पत्रात लिहून मागितला आहे, उत्तर यायचंय. माझी रजा वर्षभराची मिळू शकते असं बँकेतून कळलं. त्यामुळे आधी तो एकटा जाईल, मी आणि मुलगी इथलं शाळेचं वर्ष संपवून जाऊ. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं, "मी हिवाळ्यात येईन, उन्हाळ्यात देवळाली कॅम्पला माझ्या बहिणीकडे राहीन." पल्लवीताई, त्यांच्या मोबाइलवर ॲप घातलं. पहिला कॉल त्यांनी मला स्वयंपाकघरात लावला.

आता एक प्रश्न: लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीचा आणि मराठीत आहे. चालेल का?

परतलेली_पल्लवी

भाषांतर करून घ्यावं लागेल, आणि मूळ दाखल्यावर महाराष्ट्र शासनाचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग युएईच्या दूतावासाचं साक्षांकन. तिथं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. दाखल्यावरचं तुझं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आज रात्रीच बघ. आपल्याकडे दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, असं सर्रास असतं आणि तिथंच गाडी अडते. मुलीच्या जन्मदाखल्याचंही हेच सगळं एकदमच करून घे. आणि नवऱ्याला सांग, घर बघायला जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी जायचं. पश्चिमेची खोली किती तापते आणि एसी पुरतो का ते तेव्हाच कळतं.

हिशेबी_माणूस

आणि इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्यायला विसरू नका. तुम्हाला हे सांगायची गरज नाही म्हणा, तुमचंच खातं ते!

कोकणकडा_०७

मध्येच विचारतो, माफ करा. मला ओमानमध्ये सलालाहला ऑफर आहे. तिथंही असंच असतं का?

मस्कतची_मावशी

नाही रे बाबा, सलालाहचं सगळं वेगळं. जून ते सप्टेंबर तिथं खरीफ असतो, रिमझिम पाऊस, डोंगर हिरवेगार, रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळी. कोकणातल्या माणसाला घरचं वाटेल. पण त्याच काळात अख्खं आखात तिथं फिरायला येतं, त्यामुळे जूनच्या आधी घर घे, नाहीतर भाडं परवडणार नाही. बाकी व्हिसा, शाळा, दवाखाना याचं लिहायला बसले तर हा धागा भरकटेल. तू वेगळा काढ, मी उद्या सकाळी तिथं लिहिते.